पलंगाकडे पाठ

लिफ्टवाल्यांनी उभी हयात लोकांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती, म्हणून ते लिफ्टवाले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी खालचा किराणावाला त्यांना याच नावाने हाक मारी, शेजारीण याच नावाने निरोप ठेवी, आणि दारावरची पाटी वाचायची कोणाला गरजच पडत नसे. माणूस उंचीने बेताचा, हाताने राकट आणि तोंडाने मुका म्हटला तरी चालेल असा. दिवसभर बंद भुयारात एकट्याने काम करायचं, तिथे बोलणार कोणाशी? दोराशी, नाहीतर ग्रीसच्या डब्याशी.

कामात मात्र पक्के. लिफ्ट बंद पडली की बाकीचे मेकॅनिक आधी अंदाज बांधत आणि मग दिसेल तो पार्ट बदलत सुटत. लिफ्टवाले अंदाज बांधत नसत, ते वगळत जात. वीज येते का? येते. मग वीज सोडली. मोटर फिरते का? फिरते. मोटर सोडली. दार पुरतं लागतं का? "एकेक वगळत जायचं," ते हाताखालच्या माणसांना सांगत, "शेवटी जे उरेल तोच चोर." आयुष्यात त्यांनी एवढं एकच भाषण केलं, पण ते पुष्कळदा केलं.

बायको अगदी दुसऱ्या टोकाची. वीजबिलांच्या ऑफिसात ती कॉम्प्युटरवर बसायची. तिथे दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून घरी आली तरी तिच्याकडचा साठा संपलेला नसायचा. घरात प्रश्न तीच विचारी, नवऱ्याच्या वतीने उत्तरही तीच देई, आणि उत्तर पटलं नाही तर त्यावरून भांडणही तीच काढी. लिफ्टवाले मान हलवत. संसार उत्तम चालला होता.

तिची तक्रार एकच, की हा माणूस कधी काही विचारत नाही. एकदा बाहेरच्या खोलीतली ट्यूब लागेना. ती ऑफिसात होती. लिफ्टवाल्यांनी पाहिलं, ट्यूबपर्यंत वीज येत नव्हती. मग खोलीतला स्विच बदलला, जोड उघडले, शेवटी स्टुलावर चढून छतातली वायर उकरली. संध्याकाळी ती आली, प्लास्टरचा ढीग पाहिला आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून हसत सुटली. ट्यूबच्या मागे पाल बसली होती, म्हणून सकाळी तिनेच मीटरजवळचा त्या खोलीचा स्विच बंद केला होता. "या घरात आणखी कोणी राहतं असं तुम्हाला वाटतच नाही का हो?" ती म्हणाली. "आधी विचारावं माणसाने." तेव्हापासून ते वाक्य घरात मुक्कामालाच आलं. चुकीच्या मापाचा पडदा आणला, आधी विचारावं माणसाने. तिने मुद्दाम उन्हात ठेवलेली बरणी उचलून आत आणली, आधी विचारावं माणसाने. मुलगीही लहानपणी बाहुलीला तेच सांगायची.

आणि मग त्या बोलक्या बाईची जीभ जड व्हायला लागली.

आधी वाटलं, दातांचं काही असेल. मग हातातून कप निसटायला लागला. हा नसांचा आजार आहे, वाढत जाणारा, याला औषध नाही, असं डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं. अशा गोष्टी शांतपणेच सांगाव्या लागतात, पण ऐकणाऱ्याला तो शांतपणा सहन होत नाही. आवाज गेला, पाय गेले, मान उशीच्या आधाराला आली. पोटात नळी बसली. राहिलं काय, तर डोळे आणि उजव्या हाताची तर्जनी. डोळे वर गेले की हो, मिटले की नाही. एवढ्यावर त्यांचा संवाद येऊन ठेपला होता. पाणी ओठाला लावू? वर. कूस बदलू? मिटले. जिने नवऱ्याच्या वाट्याचंही बोलून घेतलं, तिच्यासाठी आता सगळे प्रश्न त्या अबोल माणसाने शोधून काढायचे होते, आणि त्याच्याजवळ ते फार थोडे होते.

हॉस्पिटलातून एक वाचोपचार करणारी मुलगी आली तेव्हा सगळं पालटलं. घरात बायकोचा जुना कॉम्प्युटर होताच. त्या मुलीने त्यात काहीतरी भरलं आणि तळहाताएवढं एक लाल बटण आणलं. पडद्यावर अक्षरांच्या ओळी, ओळींवरून सरकत जाणारा उजेड. हव्या त्या ओळीवर उजेड आला की बोटाने बटण दाबायचं, मग त्या ओळीतल्या हव्या त्या अक्षरावर दाबायचं. अक्षरं जमली की कॉम्प्युटर बाईच्या सपाट आवाजात ते वाचून दाखवी. लिफ्टवाले स्वयंपाकघरात चहा टाकत होते. तिकडे ती मुलगी पलंगाशी वाकून बायकोला कॉम्प्युटरबद्दल काहीबाही समजावत होती. बायकोचं सगळं आयुष्य कॉम्प्युटरवर गेलेलं, तिला सांगितलेलं बरं. लिफ्टवाले कप घेऊन बाहेर आले तेव्हा बायकोचं पहिलं वाक्य तयार होतं. सपाट आवाज म्हणाला, "मोजे उलटे घातलेत."

त्यांनी पायांकडे पाहिलं. खरंच उलटे होते. ते हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा असा वाकडा झाला की त्या मुलीला दुसरीकडे बघावं लागलं.

जाताना मुलीने पिशवीतून आणखी एक वस्तू काढली. पुठ्ठ्यावर चिकटवलेला अक्षरांचा तक्ता. "मशीन कधी बंद पडलं तर असू दे," ती म्हणाली. "तुम्ही ओळीवर बोट ठेवायचं, त्यांनी डोळे वर करायचे. काना, मात्रा, वेलांटी सोडून द्यायची. वेळ लागतो, पण कळतं." लिफ्टवाल्यांनी तो घेतला आणि ती जिना उतरेपर्यंतही न थांबता कपाटावर मागच्या अंगाला सरकवून दिला. हॉस्पिटलात त्यांनी एका बाईला असल्या तक्त्यावर बोट फिरवताना पाहिलं होतं. समोरचा माणूस नुसते डोळे होऊन पडला होता. पुढच्या खेपेला तो पलंग रिकामा होता. तक्ता म्हणजे शेवट, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं. आणि मशीन बंद पडायला ते काय मेले होते?

कॉम्प्युटर कधी बंदच करायचा नाही, हा त्यांनी केलेला पहिला नियम. तो रात्रंदिवस चालू राहिला. ती थोडं थोडं बोलत राहिली. उशीचा अभ्रा बदला. शेजारीण बरी आहे का. फोनवर लेक आली की ती अर्धा अर्धा तास खपून एक वाक्य करी आणि लेक पलीकडे मुकाट्याने थांबे. लिफ्टवाले शेजारी बसून पडद्यावर अक्षरं उमटताना पाहत. आयुष्यात कधी नव्हे ते त्यांनी बायकोचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं.

मग एक दिवस दुपारी वीज गेली. आली तेव्हा कॉम्प्युटर चालू झाला नाही.

पंखा घुर्रर्र करी, हिरवा दिवा लागे, आणि पडदा काळाच. डाव्या कोपऱ्यात तेवढी एक पांढरी रेघ लुकलुकत राही. लिफ्टवाल्यांनी बाह्या सावरल्या. सगळ्या वायरी उपसून खोकं जेवणाच्या टेबलावर नेलं, पत्रा उघडला, ब्रशने धूळ झाडली. दोष दिसेना. तेव्हा त्यांना आठवलं की थंडीच्या दिवसांत पहाटे जुन्या लिफ्टचे रिले, म्हणजे आतले विजेचे खटके, चिकटून बसत आणि जरा ऊब दिली की सुटत. लेकीने मागे ठेवलेला केस वाळवायचा ड्रायर त्यांनी शोधून काढला, खोक्याच्या आतल्या हिरव्या पट्टीवर चांगली गरम हवा मारली, तिथेच टेबलावर पडद्याची आणि विजेची वायर जोडून बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरेल आवाज करून लागलीच चालू झाला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, पण लिफ्टवाल्यांना फक्त कावळा दिसला.

"थंडी भरते याला," त्यांनी पलंगाकडे वळून जाहीर केलं. टेबलच पलंगाशी ओढून आणलं, लाल बटणाची वायर जोडली, बटण बोटाखाली सरकवलं. बायकोने ताबडतोब अक्षरं जमवायला घेतली. सपाट आवाज म्हणाला, "कॉम्प्युटर."

"राहू दे गं त्याचं," लिफ्टवाले म्हणाले. "त्याचं मी बघतो. तू तुझं बोल." आणि त्यांनी कीबोर्डवरून ती ओळ पुसून टाकली. एकेका अक्षरासाठी तिच्या कपाळावर घाम येतो, हे ते रोज पाहत होते. तो घाम असल्या खोक्यापायी खर्च व्हावा हे त्यांना पाहवेना. बायकोने पुन्हा सुरुवात केली. "चालू करताना." त्यांनी पुन्हा पुसलं. "झालाय ना चालू! आता त्याचं नाव काढू नकोस. तुला काय हवं ते सांग." तिने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या दिवशी लेकीचा फोन यायचा होता आणि बोटातली ताकद त्याच्यासाठी ठेवायची होती. नवऱ्याला सांगून काही उपयोग होत नाही, हे तर तिला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. ती लिहिती झाली, "बरं."

त्या "बरं"वर लिफ्टवाले खूष झाले. हे लिहितानासुद्धा राग येतो त्यांचा. पण राग येऊन काय करता? प्रेमापोटी केलेल्या चुकीला कान धरायला जागा नसते.

पुढच्या खेपेला वीज गेली तेव्हा त्यांनी विचार केला, रोज ऊब देत बसण्यापेक्षा मुळातून दुखणं काढावं. खोकं कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदाराने पडदा जोडला, बटण दाबलं आणि कॉम्प्युटर चालू झाला. बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा चालू. "काका, याला काहीही झालेलं नाही," दुकानदार म्हणाला. "घरचं कनेक्शन बघा." लिफ्टवाल्यांनी खोकं घरी आणलं, होत्या तशा सगळ्या वायरी जोडल्या, बटण दाबलं. काळा पडदा, पांढरी रेघ.

मग त्यांनी भिंतीतलं सॉकेट बदललं. सॉकेटपासून मीटरपर्यंत नवी वायर ओढली. दोन दिवस घरभर सिमेंटचा धुरळा होता आणि बायकोच्या पांघरुणावर त्यांनी जुनी चादर टाकून ठेवली होती. पडदा काळाच. शेवटी पुन्हा वायरी उपसल्या, टेबल, ड्रायर, आणि चालू. कॉम्प्युटरने त्यांना असं झुलवलं की दुसऱ्या कोणी हात टेकले असते. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

त्या वेळी त्यांनी आणखी एक काम केलं, आणि ते अगदी निगुतीने केलं. लाल बटणाची पिन खोक्याच्या मागे जरा सैल बसते, हे त्यांच्या नजरेला आलं. लिफ्टमध्ये सैल वायर म्हणजे अपघात. बायको ऐन बोलत असताना पिन निसटली तर? त्यांनी पत्र्याला दोन भोकं पाडली, एक क्लिप बसवली आणि पट्टीने पिन अशी आवळली की घोडा लावून ओढली तरी निघू नये. कॉम्प्युटर चालूच होता, बायको बघत होती. तिच्या बोटाखालचं बटण त्यांनी कामापुरतं बाजूला ठेवलं होतं. तिचे डोळे पुन्हा पुन्हा मिटत होते, पण लिफ्टवाल्यांची पाठ पलंगाकडे होती. काम झाल्यावर त्यांनी वायर ओढून पाहिली आणि समाधानाने हात पुसले. "आता जन्मात सुटायची नाही," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी खालच्या रस्त्यावर कोणीतरी खणताना केबल तोडली. वीज परतली, पण कॉम्प्युटर काही परतला नाही.

आता ऊब चालेना. बाकीच्या वायरी उपसून चालेना. थोडा वेळ गरम केलं, जास्त वेळ गरम केलं, एका कोपऱ्यातलं प्लास्टिक मऊ झालं तेव्हा भिऊन थांबले. मेमरीची पट्टी काढून खोडरबराने पुसली. कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळाचा सेल बदलला. दुकानातून वीजपुरवठ्याचा नवा डबा आणून बसवला. खोकं पुन्हा दुकानात न्यायचं त्यांच्या मनात येई, पण गेल्या खेपेला तिथे आपलंच हसं झालं, हेही मनात येई. सकाळी बायकोचं अंग पुसून, नळीतून अन्न देऊन झालं की ते टेबलाशी बसत आणि अंधारेपर्यंत उठत नसत. मधेमधे मागे वळून विचारत, "पाणी? कूस? पंखा?" आणि उत्तर पाहून पुन्हा वळत. तिच्याशी बोलता यावं म्हणून ते जिवाचं रान करत होते, आणि सगळा दिवस तिच्याकडे पाठ करून बसत होते. आपण असे बसलो आहोत हे त्यांच्या ध्यानातही येत नव्हतं.

मुलीचा फोन आला की ती म्हणे, "बाबा, मी नवा पाठवते." ते म्हणत, "नको. याला काही झालेलं नाही, दुकानवालाही म्हणाला. सापडेल." एकदा ती म्हणाली, "आईला विचारून बघा ना. तिचा आहे तो कॉम्प्युटर. तुमच्यापेक्षा तिला जास्त कळतं."

"ती कशी सांगणार?" लिफ्टवाले वैतागून म्हणाले. "तिने बोलायचं तर आधी हा चालू व्हायला नको का?"

"मग तो तक्ता?"

त्यांनी हातातला स्क्रू पुन्हा पिळायला घेतला. मुलगी आईसारखी, उत्तर तिने स्वतःच देऊन घेतलं आणि फोन ठेवला.

दिवस जात राहिले. बायकोचे गाल बसत चालले. वर जाणाऱ्या डोळ्यांना वेळ लागू लागला. डोळे सहसा शेवटपर्यंत टिकतात, पण तेही थकतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ड्रायर हातात घ्यायलाही लिफ्टवाल्यांना आता धीर होत नसे. या हातांनी माणसांनी भरलेल्या लिफ्ट अधांतरी थोपवून धरल्या होत्या. आपल्याला आता काही येत नाही, हे त्यांना पहिल्यांदा कळलं, आणि ते कोणाला सांगायचीही सोय नव्हती. ऐकणारी एकच होती, आणि तिला सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

एका दुपारी ते स्क्रू शोधायला खाली वाकले आणि उठताना त्यांची नजर पलंगावर गेली. बायको रडत होती. आवाज नाही, हुंदका नाही, पाणी नुसतं कानाकडे ओघळत होतं आणि ते पुसायला तिला हात नव्हता. ते धावले. डोळे पुसले. "दुखतंय?" मिटले. "पाणी?" मिटले. कूस, पंखा, उजेड, चादर, लघवी, मुलगी, देवाचं काही, डास. सगळ्याला मिटले. त्यांच्याजवळचे प्रश्न संपले. इतक्या वर्षांचा संसार झालेला माणूस बायकोपुढे उभा होता आणि तिला विचारायला त्याच्याजवळ एक शब्द उरला नव्हता.

मग ते गेले आणि स्टूल घेऊन आले. कपाटावर धूळ जमली होती. तक्ता त्यांनी सदऱ्यालाच पुसला, पलंगाच्या कडेवर तिच्या समोर बसले आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. नुसतं बोट खाली सरकवत गेले. प, फ, ब, भ, म या ओळीवर डोळे वर गेले. मग त्या ओळीत एकेक. ब.

"बरं वाटत नाही?" मिटले.

पुढचं अक्षर ट. "बटाटा?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. नळीवर जगणारी बाई ती. मिटले, पण मिटण्याआधी डोळ्यांत काहीतरी लकाकून गेलं, जुनं, ओळखीचं. त्यांना लाज वाटली आणि किती दिवसांनी बरंही वाटलं.

पुढचं ण. "बटण. बटण देऊ हातात? अगं, कॉम्प्युटर बंद आहे." मिटले, घट्ट मिटले, आणि उघडले ते थेट तक्त्यावर. क. ढ. मग थोडं थांबून म, ग. मग च, ल.

बटण काढा. मग चालू.

लिफ्टवाल्यांनी तक्ता मांडीवर ठेवला. टेबलावर खोकं होतं, त्याच्या मागे त्यांनी बसवलेली क्लिप आणि आवळलेली पट्टी. दुकानात बटण लावलेलं नव्हतं. टेबलावर वायरी उपसून ऊब दिली तेव्हा बटण लावलेलं नव्हतं. पिन आवळली आणि त्यानंतर एकदाही चालू झाला नाही. बटण लावलेलं असलं की कॉम्प्युटर चालू होताना तिथेच अडत होता. वीज सोडली, वायर सोडली, मेमरी सोडली, सेल सोडला, सगळं एकेक वगळलं. वगळलं नाही ते फक्त बटण. तो तिचा आवाज होता, त्याच्यावर संशय घेणार कसा? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा, आणि वळसा केवढा, तर तिच्या उरलेल्या आयुष्याएवढा.

"त्या हॉस्पिटलच्या मुलीने सांगितलं होतं तुला?" वर. "पहिल्या दिवशीच?" वर. "मी चहा करत होतो तेव्हा?" वर. तिने दोनदा लिहायला घेतलं होतं आणि दोन्ही वेळा आपण आपल्या हाताने पुसलं, हे त्यांना विचारायची गरज नव्हती.

ते उठले. पक्कड आणली. घोडा लावूनही निघू नये अशी पट्टी होती ती. कापताना बोटाला लागलं, त्यांना कळलं नाही. पिन उपसली. कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पांढरी रेघ क्षणभर आली आणि गेली, तो सुरेल आवाज झाला, आणि पडद्यावर अक्षरांच्या ओळी उभ्या राहिल्या. काही झालंच नव्हतं असा उजेड वरून खाली सरकू लागला.

लिफ्टवाले ओरडले असते, पण सवय नव्हती. त्यांनी पिन लावली, लाल बटण उचललं, तिचा हात अलगद उलटा करून तर्जनीखाली सरकवलं. "हं," ते म्हणाले. "बोल. काय शिव्या द्यायच्या त्या दे."

उजेड पहिल्या ओळीवरून दुसरीवर गेला. दुसरीवरून तिसरीवर. तळाला पोचला आणि पुन्हा वर आला.

"दाब ना गं."

ती बोटाकडे बघत होती. लिफ्टवाल्यांना वाटलं, पिन नीट बसली नसेल. पाहिली, बसली होती. वाटलं, बटण खराब झालं असेल. स्वतःच्या बोटाने दाबलं. उजेड थांबला, पुन्हा दाबलं, आणि सपाट आवाज म्हणाला, "अ." बटण चालत होतं. वायर चालत होती. मशीन चालत होतं. ते एकेक वगळत गेले, हातांना तेवढंच येत होतं, आणि शेवटी जे उरलं ते त्यांच्या तळहातावर होतं. बारीक, गार, नखाशी जरा निळसर झालेलं बोट.

त्यांनी बराच वेळ ते बोट धरून ठेवलं. मग विचारलं, कारण आता विचारायलाच हवं होतं. "वीज गेली त्या दिवशी हलत होतं?" वर. "मी वीजपुरवठ्याचा डबा बदलला तेव्हा?" वर. "गेल्या आठवड्यात?" डोळे थांबले. मग सावकाश वर गेले.

लिफ्टवाले रडले. टेबलावर डोकं ठेवून, खोक्याच्या उघड्या पत्र्याशी, आवाज करून रडले. तिच्या आजाराची बातमी ऐकल्यावरही असे रडले नव्हते. तो आजार होता, देवाने दिलेला म्हणा, नशिबाने दिलेला म्हणा. हे मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने केलं होतं, निगुतीने, हात पुसत. तिच्याजवळ बोलायचे थोडे दिवस होते, ते त्यांनी ड्रायर धरून घालवले. आता ते दिवस कोणत्याही दुकानात मिळणार नव्हते. मागे पडद्यावरचा उजेड वरून खाली, वरून खाली जात राहिला, त्याला थांबवणारं कोणी नव्हतं.

रडणं थांबल्यावर त्यांनी मान वर केली तेव्हा ती त्यांच्याकडेच बघत होती. मग तिने नजर तक्त्यावर नेली आणि तिथेच ठेवली.

ते डोळे पुसून पुन्हा पलंगाच्या कडेवर बसले. खुर्ची ओढून घेतली नाही, तिला मान न हलवता दिसतील असे बसले. पहिली ओळ. डोळे वर. आ. मग खाली खाली येत, त, थ, द, ध, न. डोळे वर. ध. मग य, र, ल, व, श. व.

वाक्य त्यांना तिथेच कळलं. मोडलेल्या छताखाली पर्स खांद्यावर घेऊन हसणारी बाई त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. पुढचं सगळं त्यांना पाठ होतं, झोपेतही म्हणून दाखवलं असतं. तिचे डोळे थकत होते, प्रत्येक खेपेला वर जायला जास्त वेळ घेत होते. त्यांनी पुरं करून टाकलं असतं तर तिचे कष्ट वाचले असते.

पण ते बोलले नाहीत. ओठ दाबून बोट सरकवत राहिले. च. र. पुन्हा व. म. ण. स. प्रत्येक अक्षराला सगळ्या ओळी पहिल्यापासून, एकही न गाळता. बाहेर ऊन उतरून गेलं, कोणीतरी जिन्यात किल्ल्या वाजवल्या. शेवटी त, थ, द, ध, न. न.

"झालं?" त्यांनी विचारलं.

तिने डोळे मिटले. झालं नव्हतं. लिफ्टवाल्यांनी बोट पुन्हा पहिल्या ओळीवर नेलं.